रिकाम्या बोळाचा फोटो

गंगाक्काला दगडी बोळातून उठवलं ते गेल्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी. वेळेत चूक नाही. सकाळचं पीठ संपतं आणि दुसऱ्या पातेल्यावरचं झाकण निघतं ती ही वेळ, आणि झाकणाकडं गेलेला तिचा हात तसाच राहिला. पेठ सुशोभीकरण समितीची चार माणसं टेम्पो घेऊन आली. त्यांनी गाडा उचलला, निळी ताडपत्री गुंडाळली. बिडाचं आप्पेपात्र तापलेलं होतं, म्हणून तेवढं फडक्यात धरून बाजूच्या पायरीवर ठेवलं. गाड्याच्या जागी सिमेंटच्या पाच कुंड्या आल्या, एक बाक आला आणि एक पाटी आली. पाटीवर लिहिलंय, 'वारसा पदभ्रमण मार्ग'. एकोणीस वर्षं ज्या जागेवर उभं राहून या बाईनं पड्डू, म्हणजे आपले आप्पे, दाभणानं उलटले, तिथं आता शेवंती उभी आहे. शेवंतीला पाणी घालायला समितीनं माणूस नेमलाय.

मी कॉलेजपासून पत्रकं लिहितो. पत्रकाचा धडा सोपा असतो. अन्याय कुणावर झाला ते पहिल्या ओळीत, कुणी केला ते दुसऱ्या ओळीत. तेव्हा दुसरी ओळही लिहून टाकतो. अन्याय समितीनं केला, आणि समितीच्या हातात पुरावा दिला तो मी. येत्या बुधवारी समितीपुढं सुनावणी आहे. गंगाक्का त्या जागेवर आधीपासून होती हे सिद्ध झालं तर जागा परत मिळेल. नाही झालं तर शेवंती राहील.

आता सगळं सांगतो. सरळ सांगता येईल असं वाटत नाही, कारण गेले आठ दिवस मी एका जागी दहा मिनिटं बसलेलो नाही.

पाऊस सरलाय. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत जाणारी आमची पहिल्या पाळीची बस हायवेला लागते तेव्हा ऊन अजून कोवळं असतं. दोन्ही बाजूंना उसाचे तुरे. गुऱ्हाळं पेटलीत. बसची एक काच कायमची अडकलेली आहे, तिच्यातून काकवीचा वास आत येतो आणि झोपलेली माणसं डोळे न उघडता नाक हलवतात. बाकीच्यांना या वासानं गाव आठवत असेल. मला सोल आठवतं. हे ऐकून शेजारी बसणारा सदा म्हणतो, "कोल्हापुरात ऱ्हाऊन कोरियाच्या आठवणी काढणारं तू पहिलंच येडं."

पण सदाही होता तिथं. कारखान्यानं कोरियन यंत्रं घेतली आणि ती चालवायला शिका म्हणून आम्हाला दोघांना तीन महिने तिकडं पाठवलं. गेल्या वर्षी, हेच दिवस. कारखाना शहराबाहेर. सोमवार ते शनिवार यंत्राचं तोंड बघायचं आणि रविवारी मेट्रोत बसून सोलला जायचं. खोलीवर थांबणं मला जमलं नाही. चार पांढऱ्या भिंती, एक खिडकी, खिडकीबाहेर दुसरा कारखाना. मी चालायला निघालो, सदा शिव्या देत मागं आला, आणि मग तीन महिने आम्ही ते शहर पायाखाली घातलं.

काचेच्या उंच इमारतींच्या मागं दोन वळणं घेतली की एकदम बुटकी घरं लागतात. हानोक म्हणतात त्यांना. काळी कौलं, वळचणीला होडीच्या टोकासारखा बाक, लाकडी दारं, दारांना कागद. सोचोन नावाच्या वस्तीतल्या गल्ल्या तर इतक्या अरुंद की समोरून कुणी आलं तर एकानं भिंतीला टेकायचं. आपल्या पेठांसारखंच. एका वळचणीखाली केशरी फळं सोलून दोऱ्यांना टांगलेली, वाळायला. रस्त्यावर पिवळ्या पंख्यासारख्या पानांचा सडा आणि त्या पानांत पडलेल्या फळांना खवट तुपाचा वास. सदा नाक धरून म्हणाला, "एवढी गोड झाडं आन् घाण करत्यात." बुकचोन नावाच्या वस्तीत पाट्या होत्या, इथं माणसं राहतात, हळू बोला, अशा अर्थाच्या. कोल्हापूरच्या माणसाला हळू बोला सांगणं म्हणजे त्याचं तोंड बांधणंच. आम्ही तिथं खुणांनी बोललो आणि बाहेर आल्यावर अर्धा तास मोठ्यानं बोलून घेतलं.

आणि खाणं. गाड्यावर लाल रश्शात बुडालेल्या तांदळाच्या जाड कांड्या, तोकबोक्की. सदानं बॅगेतून कांदा-लसूण चटणीची पुडी आणली होती, कारण तिखट मिळणार नाही याची त्याला खात्री होती. पहिल्या घासाला त्यानं पुडी परत बॅगेत टाकली, दुसऱ्याला म्हणाला, "तिखट हाय, पर गूळ घातलाय लेकांनी." पुढं काडीला टोचलेल्या माशाच्या घड्या, उकळत्या पाण्यात. ते पाणी कागदी कपात फुकट देतात. आपण मिसळवाल्याला कट वाढवा म्हणतो, तसं म्हणायला आम्हाला कोरियन येत नव्हतं. सदानं रिकामा कप नुसता पुढं केला. बाईनं न बघता भरला. तिसऱ्यांदाही भरला. सदा म्हणाला, "ही तर आपलीच माणसं हायत की."

आणि होट्टोक. सैल कणकेचा गोळा, आत काळपट साखर आणि शेंगदाण्याचा कूट, तव्यावर टाकून वरून लाकडी मुठीच्या चकतीनं दाबायचा. साखर आत वितळते. पहिल्यांदा चावलो तेव्हा ती हनुवटीवरून मनगटावर उतरली, चटका बसला, आणि त्या चटक्यात काकवीचा वास होता. म्हणून आता बसमध्ये तो वास आला की माझं मनगट आपोआप मागं सरतं.

पण मी तिथं फक्त खायला फिरत नव्हतो. मी फोटो काढत होतो. रविवारी पहिली मेट्रो धरायची, उजाडता उजाडता गल्लीत पोचायचं. उन्हाची तिरीप कौलांवर, गल्ली मोकळी, ना माणूस ना गाडी. माणूस आला की फोटो बिघडतो हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही. पत्रकानंच शिकवलं असणार. पत्रकात एक चित्र, एक मुद्दा, बाकी कापायचं.

एका रविवारी समोरचं लाकडी दार उघडलं आणि आतून म्हातारा बाहेर आला, हातात कचऱ्याची पिशवी, पायात सपाता. मी फोन धरून उभा. त्यानं माझ्याकडं पाहिलं, फोनकडं पाहिलं आणि पाय मागं घेतला. दार अर्धं लावून आत उभा राहिला, माझं होईपर्यंत. मी तीन फोटो काढले आणि मान लववून आभार मानले. मला वाटलं, काय सभ्य माणसं आहेत.

सदा म्हणाला, "त्याच्याच दारात त्यालाच थांबवलंस व्हय?"

मी म्हणालो, "एक मिनिटाचा प्रश्न हाय."

"तू माणसं बघाय आलाईस का भिंती?"

मी फोन वर करून बघितला. फोटो चांगले आले होते.

परत आलो तेव्हा पहिल्याच रविवारी दगडी बोळात गेलो. गंगाक्का निपाणीकडची. धाकट्या माणसाला तिकडचे लोक 'तम्मा' म्हणतात, तशी ती अख्ख्या पेठेला तम्मा म्हणते. घरात सून, मुलगी, नणंद यांचं काय चाललंय ते खळग्यात तेल सोडता सोडता विचारते आणि लक्षात ठेवते. अनोळखी माणूस आला तर "पावणं, कुठल्या गावचं?" विचारल्याशिवाय ताटली देत नाही.

"आलास व्हय रं तम्मा? तिकडं पड्डू मिळतंय का न्हाय?"

"मिळतंय की अक्का. असंच, साच्यातलं. पर माशाच्या आकाराचं."

तिनं दाभण थांबवलं. "मासा घालत्यात?"

"न्हाय, आत गोड पुरण असतंय. आकार तेवढा माशाचा."

"शिवाशिवा. मासा न्हाय तर आकार तरी कशाला माशाचा?" मग शेजारी उभ्या बाईला तिनं सांगितलं, "ऐकलंस का, हा तीन म्हैने पुरणाचा मासा खाऊन आलाय." त्यानंतर महिनाभर बोळात माझं नाव तेच होतं.

त्याच दिवसांत आमच्या डोक्यात पुस्तिका आली. आमच्या म्हणजे माझ्या, सदाच्या आणि छापखान्यात काम करणाऱ्या एका मैत्रिणीच्या. तोवर आम्ही पाण्यासाठी पत्रकं काढली होती, बसथांब्यासाठी काढली होती, खड्ड्यांवर तर तीन काढली होती. लोक पत्रक घेतात, घडी घालतात आणि त्यात भडंग बांधून नेतात. म्हटलं, या वेळी राग नको, प्रेम छापूया. 'जुनं कोल्हापूर पायी', सोळा पानं. म्हशी दारात आणून ग्लासात थेट दूध पिळून देणारे कट्टे, तांब्याची भांडी ठोकणारी ओळ, तालमी, बोळ, बोळातलं खाणं. लोक चालत येतील, उभ्यानं खातील, गाडेवाल्यांच्या पाठीशी चार माणसं उभी राहतील, असा हिशेब. हेतू चांगला होता हे मी लिहून ठेवतो, कारण सुनावणीत हेतू विचारत नाहीत.

दगडी बोळासाठी मुखपृष्ठाची जागा राखली. तिथलं ते जुनं घर तुम्ही पाहिलंय. कोरीव खांबांची ओसरी, वर लाकडी सज्जा. त्याच्या बरोबर समोर गंगाक्काचा गाडा आणि त्यावर निळी ताडपत्री. गाडा लागतो नऊला. मी गेलो सातला. सवयच लागली होती. तिरीप खांबांवर होती, दगड नुकते कुणीतरी धुतलेले, बोळ मोकळा. सोलमध्येसुद्धा असा फोटो मिळाला नव्हता. खाली मी ओळ लिहिली, 'शांत, सुंदर, जसाच्या तसा'. आप्प्यांचा उल्लेख आत, अकराव्या पानावर, दोन ओळींत. त्यात गंगाक्काचं नाव नाही. जागा नव्हती.

पुस्तिका गाजली. कधी नव्हे ते आमचं काहीतरी गाजलं. सत्कार झाला, नारळ मिळाला. समिती त्यानंतर निघाली आणि त्यांनी पहिल्याच बैठकीत मला पुढच्या खुर्चीवर बसवलं. मी बसलो.

गुरुवारी दुपारी, गाडा उचलल्याचा फोन आल्यावर, मी कारखान्यातून अर्ध्या पाळीत निघालो आणि समितीच्या कार्यालयात गेलो. तावातावानं गेलो. दारातूनच म्हणालो, एकोणीस वर्षांची जागा आहे, आधीपासून बसणाऱ्या माणसाला असं उठवता येत नाही.

तिथले अध्यक्ष शांत माणूस. त्यांनी मला चहा सांगितला. मग फाइल उघडली. पहिल्या पानावर माझी पुस्तिका टाचलेली.

"हे तुमचंच ना?"

"माझंच."

"फोटो कधीचा?"

"गेल्या हिवाळ्यातला."

"ह्यात गाडा कुठाय, दाखवा बघू."

मी म्हणालो, गाडा नऊला लागतो, फोटो सातचा आहे. ते म्हणाले, असं फोटोवर कुठं लिहिलंय? मग त्यांनी ती ओळ वाचून दाखवली. जसाच्या तसा. "तुमीच म्हणताय जसाच्या तसा. आमी तर तुमच्या फोटोपरमाणं करून दिला बोळ." हे बोलताना त्यांच्या आवाजात खोच नव्हती. त्यांना खरोखर वाटत होतं की मी खूश होईन.

चहा आला. मी तो प्यायलो, हे सांगायला लाज वाटते.

त्या दिवसापासून मी चालतोय. पाळी सुटली की घरी न जाता पेठेत उतरतो आणि बोळातून बोळात फिरतो. आणि डोक्यात राहून राहून सोलची एकच गल्ली येते.

शेवटच्या महिन्यातला रविवार. आम्हाला यंत्र शिकवणारा मिन नावाचा तरुण त्या दिवशी सोबत आला होता. सदा त्याला मिनभाऊ म्हणायचा आणि तोही ओ द्यायचा. कोपऱ्यावर होट्टोकचा गाडा होता, म्हातारी बाई, हातात लोकरीचे बोटं कापलेले मोजे. मिन असल्यामुळं पहिल्यांदाच आम्ही तिच्याशी बोलू शकलो. ती बराच वेळ बोलली, चकती दाबत, वर न बघता. मिननं थोडक्यात इंग्रजीत सांगितलं. आधी ती आत गल्लीत उभी राहायची. गल्ली छान झाली, कॉफीची दुकानं आली, फोटो काढणारे आले. मग तिला कोपऱ्यावर यावं लागलं. इथं वारा लागतो, एवढंच तिचं म्हणणं. मग तिनं माझ्या फोनकडं हात करून काहीतरी विचारलं आणि मिन हसला.

"ती विचारतेय, तू इतक्या लवकर येऊन कशाचे फोटो काढतोस? ती तर दहाला येते."

मीही हसलो. माझ्याकडं वही होती. त्या दिवशीच्या पानावर मी काय लिहिलं ते काल काढून पाहिलं. 'गल्ली स्वच्छ. दुकानांच्या पाट्या एकसारख्या. आपल्याकडं हे का नाही?' वाऱ्याबद्दल एक शब्द नाही. चार तासांपूर्वी ऐकलेलं, आणि मी ते कापलं. मुद्द्यात बसत नव्हतं.

रविवारी गंगाक्काच्या खोलीवर गेलो. उंबऱ्याशी पातेलं होतं, पीठ फुगून झाकण तिरपं झालेलं.

"पीठ भिजवलंस व्हय अक्का?"

"हातास्नी अजून सांगितलं न्हाय. त्यास्नी वाटतंय बोळात जायाचं हाय." रोज भिजवते आणि रोज शेजारपाजारी वाटते. शेजारच्यांना चार दिवस सकाळ-संध्याकाळ पड्डू. ती म्हणाली, "आता मला बघितलं की दार लावून घेत्यात," आणि हसली.

मी पुस्तिका पुढं केली. सगळं सांगितलं, फाइल, टाचणी, ओळ. तिला वाचता येतं. पण तिनं ओळ वाचली नाही, फोटो पाहिला. हात लांब करून, मग जवळ आणून.

"बोळ झ्याक आलाय की." मग फोटोवर बोट ठेवून, "ही माझी जागा न्हवं?"

"व्हय."

"मग मी कुठं हाय?"

"तू यायच्या आधी काढला."

"का रं? मी आल्यावर काढाय काय झालतं?"

खोटं सुचत होतं. उन्हाचं, गर्दीचं. पण ती खोटं पकडते, उभ्या पेठेला ठाऊक आहे. मी म्हणालो, "ताडपत्री निळी हाय अक्का. त्या घरापुढं खटकत होती."

तिनं पुस्तिका मिटली. मग म्हणाली, "मग सांगायचंस की. दुसरी घेतली असती."

शिव्या दिल्या असत्या तर मी उत्तर दिलं असतं. पत्रकवाल्याला शिव्यांची सवय असते.

मी विचारलं, तुझ्याकडं काही आहे का, कागद, फोटो, काहीही? तिनं डोळे बारीक केले. गाड्यावर उभ्या बाईचा फोटो कोण काढणार? ताटलीची पावती कोण मागतं, कोण देतं? एकोणीस वर्षांत तिनं पेठेतल्या दोन पिढ्यांना वाढलं, आणि तिच्या नावावर तिथं उभं राहिल्याची एक चिठ्ठी नाही. आम्ही फोटो काढतो ते खांबांचे, सज्ज्याचे. वाढणारा हात कडेला राहतो, आणि कडा आम्ही कापतो. हे फक्त माझं पाप आहे असं मी म्हणणार नाही. तुमच्या फोनमधलं जुनं कोल्हापूर काढून बघा. त्यात माणूस किती सापडतो ते मोजा.

सदानं कालच बसमध्ये माझ्या पाठीवर थाप मारली. "रडणं बास. तुझ्या एका फोटोनं ती गेली न्हवं? मग शंभर फोटोंनी येती का बघू." तो बरोबर आहे. समिती जिंकली ती एका नीटनेटक्या चित्रावर. आता मला वेडीवाकडी चित्रं हवी आहेत, आणि ती माझ्याकडं नाहीत. ती तुमच्याकडं आहेत.

म्हणून मागणी. समितीकडं नाही, त्यांच्याकडं बुधवारी करतो. ही तुमच्याकडं.

तुम्ही दगडी बोळात खाल्लंय. कॉलेज सुटल्यावर, देवदर्शनाहून येताना, लग्नाची साडी घेऊन परतताना, तालमीतून भुकेलं होऊन. आज फोन उघडा आणि खाली खाली जा. मैत्रिणीच्या मागं अर्धी आलेली निळी ताडपत्री, पोराच्या हातातली ताटली, कोपऱ्यात आलेलं दाभण, हललेला, अंधुक, कुणाचं तरी डोकं कापलेला, जो असेल तो फोटो कागदावर काढा. मागं तुमचं नाव लिहा, कोणत्या साली ते लिहा, काय खाल्लं ते लिहा, सही करा. ज्यांच्याकडं फोटो नाही त्यांनी तेवढंच कोऱ्या कागदावर लिहा. दुसऱ्याच्या हाती पाठवू नका. लांबून पाठिंबा कळवू नका. बुधवारी सकाळी साडेदहाला बोळाच्या तोंडाशी या, आमच्याबरोबर चालत सुनावणीला चला, आणि तिथं उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगा की ही बाई इथं होती, मी हिच्या हातचं खाल्लं.